घुंगरू कधी आणायचे? नृत्याच्या क्लासची पहिली काही वर्षं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे चौकशीचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न फीचा, दुसरा वेळेचा आणि तिसरा ठरलेला : "ताई, घुंगरू कधी आणायचे?" काही घरांत तर ते आधीच आलेले असतात. आजीने हौसेने आणलेले, एकेका पायाला शंभर, सहा वर्षांच्या पोरीच्या पोटरीपर्यंत पोचणारे. मी ते परत पिशवीत ठेवायला लावते. पोर हिरमुसते, आजीही.

कारण सांगते. अनवाणी पाऊल जमिनीवर सपाट पडलं की 'थप्' असा एकच आवाज येतो. टाच आधी टेकली तर दोन आवाज येतात. पाऊल घासत आलं तर आवाजाला शेपूट लागतं. कान थोडा तयार असला की पाठ करून बसलं तरी कळतं, कोणाचं पाऊल कसं पडतंय. घुंगरू बांधले की हे सगळं छुमछुमीत बुडून जातं. मुलीला वाटतं आपण नाचतोय, आईला वाटतं प्रगती आहे, आणि चुकीचं पाऊल तेवढ्यात अंगवळणी पडतं. ते मोडायला मग दुप्पट वेळ जातो. म्हणून माझा क्रम असा : आधी जमीन, मग पाऊल, मग लय, त्यानंतर घुंगरू. परीक्षा आणि रंगमंच त्याच्याही मागे. मी कथक शिकवते, त्यामुळे उदाहरणं कथकचीच येतील. भरतनाट्यमवाल्यांनी आपापली घालून घ्यावीत.

क्लास शोधताना

कथक की भरतनाट्यम, या प्रश्नावर पालक महिना महिना घालवतात. पुण्यात तरी तो घालवू नये. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली इथे 'नृत्यभारती' ही कथकची संस्था सुरू केली. त्या लखनौच्या लच्छू महाराजांकडे शिकल्या आणि जयपूर आणि लखनौ अशा दोन्ही घराण्यांत शिकलेल्या मोहनराव कल्याणपूरकरांकडेही, त्यामुळे पुण्यातल्या कथकमध्ये दोन्ही घराण्यांचं पाणी मिसळलेलं सापडतं. सुचेता भिडे-चापेकर यांनी 'नृत्यगंगा'च्या रूपाने भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड दिली, म्हणजे घरी राग-बंदिशी ऐकणाऱ्या मराठी मुलीला तेही परकं वाटू नये. शैली कुठलीही घ्या. खरा प्रश्न अंतराचा आहे. सिंहगड रोडवरून कोथरूडला संध्याकाळी सहाच्या बॅचला पोचायचं म्हणजे मूल रस्त्यातच दमतं, आणि पहिल्या पावसात क्लास सुटतो. पंधरा-वीस मिनिटांवरचा बरा शिक्षक हा तासाभरावरच्या नामवंतापेक्षा सात-आठ वर्षांच्या मुलासाठी चांगला. बाराव्या-तेराव्या वर्षी गोडी पक्की झाली की लांब जावं.

वय? सहा पूर्ण, सात उत्तम. चार वर्षांच्या मुलांनी घरात गाणं लावून मनसोक्त उड्या माराव्यात, त्याला फी लागत नाही.

"मुलगा आहे, चालेल ना?" असं आवाज खाली करून विचारणारे वडील अजूनही भेटतात. लच्छू महाराज, शंभू महाराज, बिरजू महाराज ही नावं सांगितली की त्यांचा आवाज जरा वर येतो. पण मुलाला एकट्याला पंधरा मुलींत उभं राहायचं असतं हेही खरं. बॅचमध्ये आणखी एखादा मुलगा आहे का, एवढं विचारून घ्या.

प्रवेश घेण्याआधी एक अख्खा क्लास बसून पाहू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. बसलात की पुढच्या रांगेकडे बघू नका, ती सगळीकडे छान असते. मागच्या कोपऱ्यातल्या, सारखी चुकणाऱ्या मुलीकडे बघा. तासाभरात शिक्षक तिच्यापर्यंत किती वेळा पोचतात? तिला नाव घेऊन काय सांगतात? शिकवतं कोण तेही पाहा. पाटीवर नाव एकाचं आणि बॅच घेणारी अकरावीतली विद्यार्थिनी, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. त्यात वाईट काही नाही, वरिष्ठ मुली शिकवूनच तयार होतात. फक्त गुरू आठवड्यातून एकदा तरी स्वतः वर्गात असावेत आणि हे आधी सांगितलेलं असावं. लहान मुलांच्या बॅचमध्ये बारा-पंधराच्या वर संख्या गेली की एकेकाच्या पायाकडे पाहणं जमत नाही. हे मी माझ्या तीसच्या बॅचा घेऊन झाल्यावर शिकले.

पैशांचं सुरुवातीलाच स्पष्ट बोला. महिन्याच्या फीखेरीज गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, वार्षिक कार्यक्रमाची वेशभूषा, परीक्षेचा फॉर्म, जादा तालमी, या सगळ्याचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीला कागदावर मिळायला हवा. शिक्षकांनाही माझं हेच सांगणं : जानेवारीत ड्रेसचे पैसे मागून नाराजी ओढवून घेण्यापेक्षा जूनमध्ये एक कागद द्या.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला पालक संकोचतात. वर्ग चालू असताना दार बंद असतं का? मुलं कपडे कुठे बदलतात? दुरुस्त करताना हात कसा, कुठे लावला जातो? नृत्यात शरीराला हात लावून दाखवावं लागतं, ते टळत नाही, पण "खांदा फिरवते हं" असं म्हणून हात लावणं आणि न सांगता लावणं यांत फरक आहे, आणि तो मुलांना कळतो. मूल एखाद्या दिवशी कारण न सांगता "मला नाही जायचं" म्हणालं तर फी भरली आहे म्हणून पाठवू नका. आधी बसून ऐका. गंभीर काही असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) खासगी क्लासलाही लागू आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन सगळ्यांच्या फोनमध्ये असावी.

पायाखाली काय आहे

हे कोणीच विचारत नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते. पुण्यातले बहुतेक क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये, पार्किंगशेजारच्या खोलीत नाहीतर कुणाच्या बैठकीत चालतात. खाली काँक्रीट, वर गुळगुळीत टाइल. तत्कार, म्हणजे बोलांवर पावलं टाकण्याचा कथकचा मूळ पाठ, करताना तासाभरात शेकडो आघात होतात. काँक्रीट ते पोटात घेत नाही, उलटे नडगीत आणि गुडघ्यात पाठवतं. मी पंधरा वर्षांची असताना आमच्या तालमी दीड महिना एका गच्चीवर चालल्या. नडग्या इतक्या ठणकायला लागल्या की जिना बसून उतरायची. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, "सवय होईल." सवय झाली नाही, तीन महिने नाच बंद झाला.

उत्तम जमीन लाकडी, आणि खाली थोडी पोकळी किंवा लवचीकपणा असलेली. ती परवडत नसेल तर शिक्षकांनी निदान हे करावं : दाट फोमच्या शीटवर जाड प्लायवूडचे तक्ते, सांधे पट्टीने बंद केलेले, आणि वर व्हिनाइल. तक्ते हलता कामा नयेत, नाहीतर गुडघ्याऐवजी घोटा जाईल. सतरंजी अंथरणं हा उपाय नव्हे. ती सरकते आणि चक्कर घेताना पाय तिच्यात अडकतो. योगाची मॅटही नको, पाऊल तिला चिकटतं आणि गुडघा मात्र फिरतो. यांपैकी काहीच शक्य नसेल तर जोरकस पदन्यास सलग दहा मिनिटांवर नेऊ नका. मध्ये हस्तक (हातांच्या हालचाली), पढंत (बोल तोंडाने म्हणणं), बसून अभिनय असं काही घाला. आणि गच्ची नकोच.

घरचा रियाज : आईला नाचता येत नसलं तरी

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी दोन तास घासून घेण्याने काही होत नाही, फक्त सोमवारी पाय दुखतात.

तत्कार घ्या. बोल असे : ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा. पहिल्या चार उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चार डाव्याने सुरू : डावा, उजवा, डावा, उजवा. आता नीट बघा. चौथ्या मात्रेला 'तत्' डाव्या पायावर आहे आणि पाचव्या मात्रेला 'आ' पुन्हा डाव्याच पायावर. तोच पाय लागोपाठ दोनदा. आठव्याला उजवा, आणि आवर्तन पुढे सुरू होताना 'ता' परत उजव्यावर. चालताना आपण पाय आलटून-पालटून टाकतो, म्हणून मूल नेमकं इथेच फसतं. पाचव्या मात्रेला उजवा पाय पुढे येतो आणि तिथून सगळं उलटं चालू राहतं, ऐकायला मात्र अगदी बरोबर. घरी तपासायचं ते एवढंच : चार-पाच एकाच पायावर, आठ-नऊ एकाच पायावर. त्यासाठी नृत्य यायची गरज नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी पोळ्या लाटता लाटता "चार-पाच डावा, डावा" असं ओरडते, आणि त्या मुलीचं तत्कार बॅचमध्ये सगळ्यांत स्वच्छ आहे.

लय सुरुवातीला मिनिटाला साठ मात्रा, म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर. तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन सोळा सेकंदांत. फोनवर लेहऱ्याचं, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरणारी सुरावट वाजवणारं, अ‍ॅप असेल तर छान. नसेल तर भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ पुरतं. या लयीत पाच मिनिटं न अडखळता, न पळता तत्कार झाल्याशिवाय दुगुणीला, म्हणजे दुप्पट लयीला, जाऊ नये. मुलांना घाई असते, कारण वेग दिसतो आणि लय दिसत नाही. साठला टिकणं हे एकशेवीसला पळण्यापेक्षा अवघड आहे; शंका असेल तर स्वतः उभं राहून करून बघा.

उरलेली मिनिटं हस्तकांना आणि पढंतीला. पढंत म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणणं : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी नाही. ही उभं राहून करायचीही गरज नाही. रिक्षात, बसमध्ये, सिग्नलला थांबल्यावर होते. तोंडाने स्वच्छ येत नाही ते पायाने कधीच येत नाही, हे मला अजून तरी खोटं ठरलेलं दिसलं नाही.

खाली राहणाऱ्यांचा विचार करा. संध्याकाळी सहा ते आठ कोणी फारसं बोलत नाही. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात कशासाठी राखीव आहे हे मी सांगायला नको.

आता घुंगरू

साठच्या लयीत तत्कार स्थिर झालं, चार-पाचची गाठ सुटली, की बांधायचे. कुणाला आठ महिन्यांत जमतं, कुणाला दीड वर्षात. सुरुवात एकेका पायाला पंचवीसने. वर्षभराने पन्नास. शंभर हे पोटऱ्यांत ताकद आल्यावर, साधारण बारा-तेराव्या वर्षानंतर. जास्त घुंगरू म्हणजे जास्त चांगला नाच, हा समज प्रेक्षकांचा. वजन उचलायचं असतं ते पायाने.

विकत घेताना दुकानातच एकेक हलवून ऐका. एखादा मुका निघतोच. कडांवरून बोट फिरवा, टोचत असतील तर मोजाही फाटेल आणि कातडीही. कथकचे घुंगरू सुती दोरीत ओवलेले असतात, आणि प्रत्येक घुंगरानंतर दोरीला गाठ हवी. ही गाठ शोभेची नाही. माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात, परणीच्या (पखवाजाच्या बोलांवरच्या रचनेच्या) मध्यावर, डाव्या पायाची दोरी तुटली. गाठी नव्हत्या. बारा-पंधरा घुंगरू मण्यांसारखे रंगमंचभर पळाले आणि मागून येणाऱ्या मुलीचा पाय त्यातल्या एकावर पडला. ती पडली नाही, पण पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी खाली बघत नाचलो. तेव्हापासून मी विकतचे घुंगरू सोडवून पुन्हा ओवते. एक संध्याकाळ जाते. पालकांना बसवलं तर गप्पांत होऊन जातं.

बांधण्याची पद्धत : जमिनीवर बसा. घोट्यावर मऊ सुती पट्टी किंवा मोजा. दोरीचा फासा घोट्याच्या हाडाच्या जरा वर धरून तिथून वर गुंडाळत जा, थर एकावर एक चढू न देता. शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला आली तर दुसऱ्या पायाला घासते. दोरीखाली एक बोट कसंबसं जावं. पाऊल बधिर झालं तर घट्ट, दोन चक्करांत घसरलं तर सैल. क्लास सुटल्यावर घामाची दोरी तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की पितळ हिरवं पडतं आणि दोरी कुजते. कापडी पिशवी, आणि घरी गेल्यावर तासभर वाऱ्यावर. चिंच लावून घासायचा मोह आवरा. ओवलेले घुंगरू भिजवले की आतली दोरी लवकर वाळत नाही. कोरड्या फडक्याने पुसा, पुरे.

भरतनाट्यमचे घुंगरू चामड्याच्या किंवा मखमली पट्ट्यावर शिवलेले असतात. तिथे गाठींची चिंता नाही, पट्ट्याच्या बकलची असते.

दुखणं आणि कुरकुर

दोन्ही पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जड, एक-दोन दिवसांत बरं : हे चालायचंच. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, लंगडणं, सूज, रात्री झोपेतून उठवणारी वेदना : ही कुरकुर नाही, नाच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. "तेल लावून चोळ" हा सल्ला यांतल्या कशालाही लागू नाही.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत विशेष लक्ष द्या. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) मागून येतात, त्यामुळे जिथे कंडरा हाडाला जोडलेली असते तिथे ताण बसतो. आठ ते चौदा वयात टाचेचा मागचा भाग दुखणं किंवा गुडघ्याच्या वाटीखाली हाताला टेंगूळ लागणं हे बहुधा याचंच लक्षण असतं. घाबरण्यासारखं नसतं, पण आघात काही आठवडे कमी करावे लागतात. याच काळात कालपर्यंत छान चक्कर घेणारी मुलगी अचानक तोल घालवते. ती आळशी झालेली नसते. तिचं शरीर बदललंय आणि तिला ते नव्याने ओळखायचंय. शिक्षकांनी या वयातल्या मुलींच्या अंगकाठीवर, वजनावर एक शब्दही बोलू नये. एकही. मी ऐकलेलं एक वाक्य मला तीस वर्षांनी जसंच्या तसं आठवतं.

तालमीआधी दहा मिनिटं अंग गरम करा : जागेवर चालणं, घोटे-खांदे फिरवणं, हलक्या उठाबशा. ताणून धरण्याचे प्रकार शेवटी, अंग तापलेलं असताना. भिंतीला हात टेकून पोटरी अर्धा मिनिट ताणणं रोज केलं तर बरीच दुखणी वाटेतच परततात. भरल्या पोटी चक्कर नको. जेवण दोन तास आधी, आणि क्लासला निघताना केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही हे मुलीने ठरवावं. तिला कारण विचारू नका, बसून पढंत करू द्या.

परीक्षा, आणि दहावी नावाचं वर्ष

पुण्यात बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. सत्रं वर्षातून दोन. माझा नियम असा की एका वर्षात एकच परीक्षा, आणि प्रारंभिकला किमान एक पूर्ण वर्ष शिकल्यावर. नऊ महिन्यांत दोन परीक्षा उरकून घेणाऱ्या क्लासचा निकाल छान लागतो. त्या मुली पुढे मध्यमाला माझ्याकडे येतात आणि मला पुन्हा चार-पाचपासून सुरुवात करावी लागते.

राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी किती परीक्षा पूर्ण हव्यात आणि प्रस्ताव कधी द्यायचा हे नववीतच शाळेच्या कार्यालयात विचारा. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि मुदत चुकली की चुकली. मूळ प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळतंय का हेही आत्ताच पाहा. केवळ या गुणांसाठी नृत्य शिकवू नका. त्यापेक्षा गणिताची शिकवणी स्वस्त पडेल.

दहावीला क्लास पूर्ण बंद करायची पुण्यात प्रथाच आहे. वर्षभराने परत येणाऱ्या मुली मी बोटांवर मोजते. आठवड्याला एक तास ठेवा, परीक्षा-कार्यक्रम काही नको, नुसता रियाज. अभ्यास त्याने बुडालेला मी पाहिला नाही. पुढे हेच करायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेता येते, हे बारावीनंतर नव्हे, दहावीतच माहीत असू द्या.

रंगमंचावर जाताना

पहिल्या वर्षी मुलाला फक्त प्रेक्षकांत बसवा. दुसऱ्या वर्षी तीन मिनिटांचं काही पुरे.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तीन गोष्टी स्वतः बघते, कुणावर सोडत नाही. एक, रंगमंचाची जमीन. मुलांच्या आधी मी अनवाणी सगळीकडे चालते. खिळा, फळीचं कुसळ, आधीच्या कार्यक्रमातली टाचणी पायालाच कळते. दोन, संगीत. पेन ड्राइव्हवर एक आणि एअरप्लेन मोडवर टाकलेल्या फोनमध्ये एक. तोडा (छोटी नृत्यरचना) रंगात आला असताना कुणाच्या मावशीचा फोन स्पीकरवर वाजलेला मी ऐकलाय. तीन, हजेरीचा कागद : कोणतं मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, नाव आणि सही. कार्यक्रमानंतरच्या गर्दीत "काका घेऊन गेले" हे उत्तर चालत नाही.

मेकअप खोलीत पालकांपैकी दोघीच, आणि फोन बाहेर. मुलांचे फोटो क्लासच्या पानावर टाकायचे तर पालकांची परवानगी जूनच्या त्या कागदावरच घेऊन ठेवा. खाणं चारलाच आटपा, कोरडं. वडापावचा तेलकट हात जरीला लागला की निघत नाही. सेफ्टी पिना कपड्याच्या आतून, तोंड खाली. जादा दोरी, कात्री, सुईदोरा आणि एक मोकळा घुंगरू माझ्या कमरेच्या पिशवीत असतोच.

विंगेतून पालकांनी खुणा करू नयेत. मूल चुकलं तर ते सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पाहून पुन्हा पकडेल, तेवढं त्याला शिकवलेलं असतं. ते तुमच्याकडे बघायला लागलं की मात्र सम निघून जाते.

आणि कार्यक्रमानंतरच्या पहिल्या क्लासला मुली घुंगरू हातात घेऊनच येतात, टाळ्या अजून कानांत असतात. मी त्यांना ते भिंतीशी ठेवायला सांगते. घड्याळ लावते, साठला. पहिली पाच मिनिटं नुसती पावलं.